बैलांच्या घराण्यातला नवरा

माझा नवरा बैलांच्या घराण्यातला आहे. असं मी म्हणत नाही, तो म्हणतो. त्याच्या मामांचा जुन्नरकडे शर्यतीचा बैलगाडा होता आणि लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत हा पुण्याहून तिकडे आंबे खायला जायचा. एवढ्या भांडवलावर त्यानं उभा जन्म बैल सांगितले. आमचं लग्न ठरलं तेव्हा गोष्टीत एकच बैल होता आणि यानं त्याचा कासरा धरलेला होता. नेदरलँड्समध्ये हार्लेमला राहायला आलो तोवर त्याची जोडी झाली. पुढे इथल्या मराठी मंडळाच्या एका गुढीपाडव्याला, श्रीखंड अंगावर आल्यावर, चार बैल उधळले आणि हा एकटा त्यांना आडवा गेला. लोक टाळ्या वाजवत होते. मी पुरी खात होते.

पुरावा म्हणून एक फोटो आहे. हाफ पँटमधला शाळकरी मुलगा, हातात कासरा, शेजारी भला थोरला बैल. हा फोटो आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर लावलेला आहे. माझ्या माहेरच्या एकाही माणसाचा फोटो त्या भिंतीवर नाही, पण ते असो.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची, हाच धंदा. त्यामुळे ही बैलांची गोष्ट मी मनातल्या मनात कधीच पास केली नव्हती. पण संसारात सापडलेला प्रत्येक बग रिपोर्ट करायचा नसतो, नाहीतर रिलीज कधीच होत नाही.

तर अशा या शूर माणसाच्या हृदयाची एक झडप गळते आहे, असं निघालं.

इथे आधी हाउसआर्ट्सबद्दल सांगायला हवं. हाउसआर्ट्स म्हणजे आपल्या भागातला ठरलेला फॅमिली डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलचं दार उघडत नाही, आणि चिठ्ठी तो सहसा देत नाही. ताप आला, पॅरासिटामॉल घ्या. कंबर धरली, पॅरासिटामॉल घ्या आणि चालत जा. नेदरलँड्समधली दोन मराठी माणसं भेटली की हवामान संपल्यावर गाडी इथेच येते. माझा नवरा तर या विषयातला कीर्तनकार. “पुण्यात असतो तर एका दिवसात सगळ्या टेस्ट झाल्या असत्या” हे त्याचं ध्रुवपद, आणि आम्ही बाकीचे टाळ धरायला.

आणि मग एके दिवशी आमच्या हाउसआर्ट्स बाईंनी खोकल्यासाठी म्हणून त्याची छाती तपासली, दोनदा तपासली, आणि न मागता चिठ्ठी दिली. हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. तिथला डॉक्टर अगदी सरळ म्हणाला की ऑपरेशन करावं लागेल. आत्ता केलं तर आहे ती झडप दुरुस्त होईल. उशीर केला तर हृदय मोठं होत जाईल, आणि मग काय होईल याची हमी नाही.

नवरा घरी आला, बूट काढले आणि म्हणाला, “इथल्या डॉक्टरांना काय, सारखी ऑपरेशनची घाई.”

दहा वर्षं ज्या कीर्तनाला टाळ धरला, त्याचं असं भरीत!

मग रिपोर्ट पुण्याला गेले. चुलत दीर, भाची, कॉलेजातला मित्र, मित्राची बायको, जितके म्हणून डॉक्टर व्हॉट्सॲपवर होते तितक्यांना. सगळ्यांनी एकच सांगितलं, ताबडतोब करून घ्या. एका दूरच्या ओळखीच्या वैद्यबुवांनी मात्र लिहिलं की आधी काही महिने अर्जुनारिष्ट घेऊन बघायला हरकत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात जगातला एकमेव हुशार डॉक्टर तो.

पहिली तारीख मिळाली, तर ऑफिसात प्रोजेक्टचं रिलीज होतं. दुसरी मिळाली, तर मंडळाची दिवाळी होती आणि सूत्रसंचालन हा करणार होता. कहर म्हणजे, जो माणूस दहा वर्षं बेकरीत पावसुद्धा इंग्रजीतून मागत होता, तो फोनवर ऑपरेशन पुढे ढकलण्याचं वाक्य अस्खलित डचमध्ये बोलायला शिकला. व्याकरणासकट. घशातला तो खरखरीत ‘ख’सुद्धा जागच्या जागी. पलीकडच्या बाईंनी त्याच्या डचचं कौतुक केलं आणि जानेवारीतला एक मंगळवार दिला. आणि वर असंही सांगितलं की आता पुन्हा बदललंत तर सगळं पहिल्यापासून, डॉक्टरला भेटण्यापासून, रांगेत उभं राहण्यापासून.

त्याला धाप लागत होती. नेदरलँड्समध्ये चढ म्हणजे फक्त पूल, पण तेवढ्या चढावरही तो सायकलवरून उतरायला लागला होता. मग बॅटरीची सायकल आली. “इथे सगळेच घेतात,” तो म्हणाला. सगळे म्हणजे सत्तरीच्या पुढचे. मुलगी ग्रोनिंगनला शिकते, तिला यातलं काही सांगायचं नाही अशी मला ताकीद होती. मी रोज सकाळी तो उठायच्या आधी त्याच्या छातीला कान लावायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नुसती भीती वाटायची, आणि मग मी उठून मोठमोठ्यानं भांडी लावायचे.

आमच्या शेजारीणबाई शाळेत स्पॅनिश शिकवून निवृत्त झाल्या आहेत. दर हिवाळ्यात रविवारी दुपारी त्या वस्तीच्या छोट्या सभागृहात जुने स्पॅनिश सिनेमे दाखवतात. आम्ही आजवर कधी गेलो नव्हतो. त्या वर्षी डिसेंबरात त्या पत्रक द्यायला दारात आल्या, तेव्हा त्यांची नजर टीव्हीच्या वर गेली. जानेवारीतले सिनेमे म्हणे बैलांच्या झुंजीवर आणि झुंजणाऱ्यांच्या भीतीवर होते. कृष्णधवल, पन्नास-साठ वर्षांहून जुने.

“तुम्ही भारतातले,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला गुराढोरांची माहिती असेल नाही?”

एरवी कुणी असं विचारलं तर हा भडकतो. ऑफिसात एकानं रस्त्यावरच्या गाईंबद्दल विचारलं तेव्हा त्याला पुण्याच्या आयटी पार्कवर व्याख्यान ऐकावं लागलं होतं. पण इथे बैल म्हटल्याबरोबर आमच्या स्वारीची कॉलर ताठ.

“माझ्या घराण्यात शर्यतीचे बैल होते,” तो म्हणाला.

बाई हरखल्या. तिसऱ्या रविवारी सिनेमाच्या आधी दहा मिनिटं बोलाल का, फोटोही पडद्यावर दाखवू, म्हणाल्या. यानं थोडा भाव खाल्ला आणि मग हो म्हटलं. तो तिसरा रविवार संपला की दोन दिवसांनी ऑपरेशनचा मंगळवार. हे माझ्या लक्षात आलं, त्याच्याही आलं असणार, पण आम्ही दोघंही पत्रक किती छान छापलंय ते बघत राहिलो.

आमच्या पिढीला मॅटाडोर म्हणजे वऱ्हाड नेणारी गाडी. खरा मॅटाडोर मी पहिल्या रविवारी बघितला. खेड्यातला एक गरीब पोरगा शहरात येऊन झुंजणारा होतो, अशी काहीतरी गोष्ट होती. पण रिंगण खरं, धुरळा खरा, गर्दी खरी आणि बैल तर खराच. सभागृहात बहुतेक म्हातारी माणसं, आणि माझ्या शेजारी लाइव्ह कॉमेंट्री. “हा बैल नाही, वळू आहे.” “बघ, माती उकरतोय, आता येणार.” “मान खाली घातली की समजायचं.” पुढच्या रांगेतल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या एका आजोबांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. जिवंत जनावराच्या पाठीत भाले खुपसायला लागले तेव्हा मी डोळे मिटून घेतले. पोळ्याला मातीच्या बैलाला पुरणपोळी दाखवणाऱ्या घरातली मी, मला हे झेपणारं नव्हतं. एका आजीबाईंनी तर तोंडावर स्कार्फच ओढून घेतला.

सिनेमा संपल्यावर मी शेजारीणबाईंना तोंडावर सांगितलं की मला हे आवडलं नाही.

“मलाही नाही आवडत,” त्या म्हणाल्या. “बैल मारतात तेव्हा मी कॉफी करायला जाते. तुम्ही रिंगण बघूच नका. त्याच्या आधीचा माणूस बघा. या लोकांनी खरे झुंजणारे घेतले होते. त्यांना अभिनय येत नव्हता, म्हणून चेहऱ्यावर आलं ते खरं आलं.”

पुढच्या रविवारी मी माणूस बघायचं ठरवून गेले.

तो दुसरा सिनेमा जवळजवळ सगळा हॉटेलच्या एका खोलीत घडतो. झुंज संध्याकाळी आहे. सकाळी उशिरा झुंजणारा उठतो. चेहरा पोस्टातल्या कारकुनासारखा साधा. त्याच्यासाठी जेवण येतं, तो खात नाही. शिंग लागलं तर ऑपरेशन करावं लागतं, म्हणून पोट रिकामं ठेवायचं. तो दाढी करतो. खिडकीचा पडदा हलतोय का ते बघतो, कारण वाऱ्यानं हातातलं कापड उडालं तर बैल कापड सोडून माणसावर येतो. “वारा आहे का?” तो विचारतो. त्याला कपडे चढवणारा एक म्हातारा गडी आहे, तो नाही म्हणतो. थोड्या वेळानं हा पुन्हा दाढी करतो. भीतीनं दाढी लवकर वाढते अशी तिकडच्या लोकांची समजूत आहे, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. मग कपडे. ते इतके घट्ट की एकट्याला घालताच येत नाहीत. म्हातारा गुडघ्यावर बसून त्याचे लांब मोजे वर ओढतो, आणि हा त्याच्यावर खेकसतो. मोजे सैल आहेत. मोजे घट्ट आहेत. बूट कुठे ठेवलेस? पाणी गरम का आहे? म्हातारा प्रत्येक वेळी हो म्हणतो. शेवटी कमरेला पट्टा गुंडाळायचा असतो. पट्ट्याचं एक टोक म्हातारा ताणून धरतो आणि हा स्वतःभोवती फिरत फिरत त्यात गुंडाळला जातो, फेटा बांधताना दुसऱ्यानं टोक धरावं तसं. सगळं झालं. खाली गाडी आली. आणि तो खुर्चीवर बसतो, आणि त्याला उठता येत नाही.

कॅमेरा हलत नाही. संगीत नाही. एक माणूस सोनेरी जरीचे कपडे घालून खुर्चीवर बसलाय आणि त्याची टाच जमिनीवर टकटक वाजतेय. म्हातारा त्याला धीर देत नाही, पाठ थोपटत नाही. दुसरी खुर्ची ओढतो आणि शेजारी बसतो.

माझ्या शेजारून आज कॉमेंट्री येत नव्हती. नवरा टॉयलेटला म्हणून जो उठला तो दिवे लागल्यावरच परत आला.

“खरंच असंच असतं का?” बाईंनी त्याला विचारलं. “तुमचा अनुभव काय?”

“अतिशयोक्ती आहे,” हा म्हणाला. “इतकं कुणी घाबरत नाही.”

मला मात्र अंधारात बसल्या बसल्या आमचं घर दिसायला लागलं होतं. गेला महिनाभर आमच्या घरात संध्याकाळी पुन्हा शेव्हरचा आवाज यायचा. मला वाटायचं, ऑफिसची व्हिडिओ मीटिंग असेल. हा माणूस दिवसातून दहादा फोनवर वारा बघत होता. मला वाटायचं, सायकलसाठी. आणि मोज्यांवरून तर आमचं रोज वाजत होतं. माझे काळे मोजे तू त्या निळ्यांबरोबर का धुतलेस? चहा इतका गोड का? चार्जर जागेवर का नसतो? मीही काही गप्प बसणारी नाही, जशास तसं देत होते. टेस्टर म्हणवते स्वतःला, आणि इतकी सरळ गोष्ट दिसू नये!

घरी जाताना माझ्यातला खट्याळपणा नको तेव्हा वर आला.

“वारा आहे का रे?” मी विचारलं.

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला, मग थांबला. तो माझ्याशी सोमवार सकाळपर्यंत बोलला नाही.

सोमवारी सकाळी मी खाली आले तर हा स्वयंपाकघरात खिडकीशी उभा. ओठ हलत होते. मी पायरीवरच थांबले. तेच ते डच वाक्य, व्याकरणासकट, घोकत होता. हातात फोन. मला वाटलं, ओरडावं. वाटलं, फोन हिसकावून घ्यावा, पाया पडावं, मुलीला सांगते म्हणून धमकी द्यावी. पण पंचवीस वर्षांत मला एक कळलंय की या माणसाला ढकललं तर तो चार पावलं मागे जातो. आणि काम टाळायचं शास्त्र त्याच्याइतकंच मलाही येतं.

“आत्ता कशाला?” मी चहाचं आधण ठेवत म्हटलं. “रविवारी तुझं भाषण आहे. त्याची तयारी कर. फोन काय, नंतरही होईल. आधी बैल, मग डॉक्टर.”

तो विचारात पडला. पुढे ढकलण्याचं कामच पुढे ढकलायचं, ही कल्पना त्याला मनापासून आवडली. त्यानं फोन खाली ठेवला. मी चहात आलं किसत बसले, नको तितकं.

तिसऱ्या रविवारी सभागृह भरलं होतं. यानं नेहरू शर्ट घातला होता. मागे पडद्यावर फोटो आला. आमच्या भिंतीवर वहीच्या पानाएवढा असलेला तो फोटो आता खोलीच्या उंचीचा झाला होता आणि बैल खरंच भीती वाटेल इतका मोठा दिसत होता. नवऱ्यानं इंग्रजीत सुरुवात केली. घाट म्हणजे शर्यतीचा चढ, बारी म्हणजे एक धाव, गाड्यात माणूस नसतो, बैल आपले आपण वर धावतात. ‘भिर्रर्र’ ही आरोळीही देऊन दाखवली. डच म्हाताऱ्यांनी ती हळू आवाजात म्हणून बघितली. चार बैल उधळायच्या बेतात होते, तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या त्या आजोबांनी हात वर केला.

“एक प्रश्न. मुलगा ओला का आहे?”

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. मुलगा नखशिखांत भिजलेला होता. केस कपाळाला चिकटलेले, सदरा अंगाला चिकटलेला, चड्डीतून पाणी ठिबकत होतं.

“बैल धूत होतो आम्ही,” नवरा म्हणाला. हे उत्तर तयार होतं. मी शंभरदा ऐकलेलं.

आजोबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. “पण बैल कोरडा आहे,” ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षं तो फोटो रोज पुसते मी! मुलगा ओला, बैल ठणठणीत कोरडा. इतका उघडा बग.

नवऱ्यानं पडद्याकडे बघितलं, मग बुटांकडे. मला वाटलं, आता पाचवा बैल येणार. तो आला नाही.

“जत्रा होती,” तो म्हणाला, आणि आवाज एकदम वेगळा होता. “फोटो काढणारा आला होता. मामा म्हणाले, ये, कासरा धर. मी धरला. बैलानं काही केलं नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि माझी चड्डी ओली झाली. समोर सगळं गाव. मामेभाऊ, मावश्या, सगळे. मामा बैल धुवायला बादली भरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ती अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली. आणि मोठ्यानं ओरडले, मधे कशाला कडमडलास रे, मी बैल धुतोय ना! सगळे हसले. मग फोटो काढला. कासऱ्याचं दुसरं टोक मामांच्या हातात आहे. ते फोटोत आलेलं नाही.”

मग म्हणाला, “मामांनी हे कधीच कुणाला सांगितलं नाही. ते गेले तोपर्यंत.”

आमच्या मंडळात हे झालं असतं तर त्याची पुढच्या सात गुढीपाडव्यांना धिंड निघाली असती. इथे आजोबांनी मान डोलावली आणि “लोखिस” म्हणाले. म्हणजे, साहजिक आहे, त्यात काय. स्कार्फवाल्या आजीबाईही “लोखिस” म्हणाल्या. बाईंनी दिवे घालवले आणि सिनेमा सुरू केला. तो कशाबद्दल होता ते मला विचारू नका, मी सबंध वेळ माझ्या नवऱ्याकडे बघत होते.

स्पार्न नदीच्या काठानं आम्ही चालत घरी निघालो. बॅटरीची सायकल तो हातानं ढकलत होता. पुलाचा चढ आला तेव्हा त्याला धाप लागली आणि पहिल्यांदाच तो बुटाची नाडी बांधायचं निमित्त न करता थांबला.

“मला भीती वाटते गं,” तो म्हणाला.

“मलाही.”

“तुला कशाची?”

“तू नसशील याची, मूर्खा!” मी इतक्या जोरात म्हणाले की पुलावरचं एक बदक उडालं. मग आम्ही दोघंही रडलो आणि नाकं पुसायला एकच रुमाल होता.

“फोन नाही करत,” तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्यानं मुलीला सांगितलं. ती मराठीतलं सगळं ऐकून घेते आणि उत्तर डचमध्ये देते. त्या दिवशी मात्र ती फक्त “बाबा” म्हणाली आणि पहिली गाडी पकडून ग्रोनिंगनहून घरी आली.

हृदयाचं मोठं काम आमच्या गावात होत नाही, त्यासाठी शेजारच्या शहरात जावं लागतं. मंगळवारी सकाळी मुलगी खाली गाडी लावायला गेली आणि आम्ही दोघं वर वॉर्डात आलो. पोट रिकामं. छातीवरचे केस एका नर्सनं येऊन काढले. मग पाठीमागून बांधायचा तो हॉस्पिटलचा झगा, त्याच्या नाड्या मी बांधल्या. मग पायांत गुडघ्यापर्यंतचे पांढरे घट्ट मोजे, ते मी खाली बसून वर ओढले.

“घट्ट आहेत,” तो खेकसला.

“हो,” मी म्हणाले.

“चार्जर आणलास का? तो लांब वायरचा? नाही ना? मला माहीतच होतं.”

“हो.”

“हो काय? काहीतरी बोल ना!”

मी खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसले. तो पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. नर्स सांगून गेली होती की आता आडवं व्हा, पाच मिनिटांत न्यायला येतात. तो आडवा होत नव्हता. त्याला होता येत नव्हतं. पांढऱ्या मोज्यातली टाच पलंगाच्या दांडीवर टकटक वाजत होती. मग त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं तोंड ओंजळीत धरलं, पण सगळं पाणी बोटांतून खाली येत होतं, झग्यावर, मोज्यांवर. बाहेर पावलं वाजली, गप्पा मारत येणारी दोन माणसं. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत जुन्नरचा तो मुलगा होता, आणि समोर सगळं गाव.

माझ्या हातात माझ्यासाठी आणलेला पाण्याचा मोठा ग्लास होता. दार उघडलं आणि मी तो अख्खा ग्लास त्याच्या डोक्यावर उपडा केला.

“अगं बाई गं! सांडलं!” मी ओरडले. मराठीतच.

नर्स धावली. तिच्याबरोबरचा पलंग नेणारा उंच माणूस टॉवेल घेऊन आला. मी सॉरी सॉरी म्हणत होते, ते दोघं काही हरकत नाही म्हणत होते, आणि मध्ये माझा नवरा नखशिखांत ओला होऊन हसत होता. असा हसत होता की नर्सनं त्याची नाडी बघितली. नवा झगा आला. मी पुन्हा नाड्या बांधल्या, त्यानं पाठ वळवून त्या बांधू दिल्या आणि मग आपण होऊन आडवा झाला.

पलंग दारापर्यंत गेला तेव्हा त्यानं मान वर केली. “वारा आहे का?”

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरची झाडं वाकून वाकून जमिनीला टेकत होती.

“छे,” मी म्हणाले. “एक पान हलत नाहीये.”

जानेवारी महिना, झाडांना पान नव्हतंच, त्यामुळे मी तशी खोटं बोलले नाही.

पुढचे काही तास मी आणि मुलगी कॅन्टीनमध्ये एकाच सँडविचकडे बघत बसलो. मग सर्जनचा फोन आला की झडप दुरुस्त झाली, बदलावी लागली नाही. मला इतकं सरळ इंग्रजीसुद्धा कळेना, मुलीनं ते मला मराठीत सांगितलं. तिच्या तोंडून इतकं लांब मराठी वाक्य मी कितीतरी वर्षांनी ऐकलं.

संध्याकाळी आम्हाला त्याच्याजवळ सोडलं तेव्हा घशातली नळी नुकतीच काढली होती. चारी बाजूंनी वायरी, चेहरा पांढरा, आणि गालावर दाढीचे खुंट. मी त्याचा हात धरला. त्या इमारतीत ऑपरेशनला नेताना पलंग एका काचेच्या पुलावरून जातो, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना बाहेर झेंडे फडफडत असतात, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं एक डोळा उघडला. ओठ हलले, पण काही ऐकू येईना, म्हणून मी कान त्याच्या तोंडाजवळ नेला.

“खोटारडी,” तो म्हणाला. “केवढा वारा होता.”